फार्मिंग सिम्युलेटर १९ मधला कापूस: आपल्या कोरडवाहू शेतीसारखा गेम कुठं आहे का?

वावरवाला (राळेगाव तालुका, यवतमाळ)

राजेहो, गेम खेळणाऱ्यांना एक विचारायचं आहे. पण आधी थोडं सांगावं लागेल.

२०२० चा लॉकडाऊन. माझा आतेभाऊ पुण्याहून लॅपटॉप घेऊन आला तो गावातच अडकला. खरेदी बंद पडली होती, त्यामुळं आमचा कापूसही घरातच अडकलेला. समोरची खोली पत्र्याला टेकेपर्यंत भरली होती. रात्री आम्ही दोघं त्या गंजीला पाठ लावून फार्मिंग सिम्युलेटर १९ खेळायचो. अंगाला खाज सुटायची, पण दुसरी जागाच नव्हती.

हा गेम २०१८ च्या नोव्हेंबरात आला आणि या मालिकेत कापूस पहिल्यांदा त्यातच आला. गाड्यांचे, बंदुकांचे, क्रिकेटचे गेम मी खेळलो होतो. पराटी, म्हणजे कापसाचं झाड, मात्र कोणत्याच गेममध्ये पाहिली नव्हती. स्क्रीनवर पांढरं फुटलेलं वावर दिसलं तेव्हा मी आतेभावाला म्हटलं, थांब, गाडी चालवू नको, नुसतं पाहू दे.

मग केस आयएच कंपनीचं ते कापूस वेचायचं लाल यंत्र निघालं. पुढच्या तोंडात ओळी जातात, कापूस मागच्या पेटीत दाबला जातो, पेटी भरली की मागून भला मोठा गठ्ठा जमिनीवर उतरतो. माय चहा घेऊन आली आणि उभीच राहिली. म्हणाली, "यात वेचाले बाया नाई का?" मी नाही म्हटलं. थोड्या वेळानं म्हणाली, "मंग कवडी कोन अलग करते?"

ज्यांनी कापूस वेचला नाही त्यांच्यासाठी सांगतो. कमरेला ओटी बांधायची. बोंड उकललं की त्याच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात आणि नेमकी नखाच्या कडेला लागतात. पाचही बोटं एकदम आत घालून फोड ओढायची, पण वाळला पाला चिकटू द्यायचा नाही, नाहीतर जिनिंगवर, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, भाव कापला जातो. किडका, पिवळा पडलेला कापूस म्हणजे कवडी, ती वेगळी ठेवायची. आणि हे एकदा नाही. दसऱ्याच्या आसपास सीतादही करून पहिला वेचा, मग संक्रांत ओलांडेपर्यंत त्याच झाडाकडं पुन्हा पुन्हा जायचं.

पण माझ्या मनात जे राहिलं ते यंत्र नाही. त्या गेममध्ये भावाचं एक पान आहे. कोणत्या ठिकाणी कोणत्या मालाला आत्ता काय भाव आहे, कुठं मागणी वाढली आहे, सगळं दिसतं. ट्रॉली भरायच्या आधी दिसतं. बाबांनी ते पान बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "जो दिसते तोच भेटते?" आतेभाऊ हो म्हणाला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ५,५५० होता आणि दारात येणारा व्यापारी त्याच्या कितीतरी खाली मागत होता. बाबा काही बोलले नाहीत. पण नंतर रोज रात्री येऊन बसायचे आणि तेवढं पान उघडायला सांगायचे.

तर प्रश्न असा. जिथं पाऊस दांडी मारतो, दुबार पेरणी करावी लागते, बोंडअळी येते आणि भाव माल विकायला नेल्यावरच कळतो, असा शेतीचा गेम आहे का? आतेभाऊ म्हणतो, असा गेम कोण खेळेल. मी खेळेन. आणि त्यालाही खेळायला लावेन.

संत्रावाला (वरुड)

भाऊ, अगदी तसा नाही, पण स्टारड्यू व्हॅली खेळून पाहा. २०१६ चा आहे, २०१९ पासून अँड्रॉइडवरही मिळतो. एरिक बॅरोन या एकट्या माणसानं तो केला आहे, चित्रं आणि संगीतसुद्धा त्याचंच. २८ दिवसांचा एक ऋतू असतो. तो पालटला की पुढच्या ऋतूत न चालणारं पीक उभ्या उभ्या वाळतं. बुजगावणं नसेल तर कावळे येतात. अळी आणि रानडुक्कर मात्र नाहीत, भावही बरेचसे ठरलेले.

मी तो विसरू शकत नाही त्याचं कारण वेगळं आहे. शेत आजोबांचं असतं. तिसरं वर्ष लागलं की त्यांचा आत्मा येतो, तुम्ही शेताचं काय केलं ते पाहतो आणि त्याप्रमाणे मेणबत्त्या पेटतात, जास्तीत जास्त चार. आमच्या आजोबांची संत्र्याची बाग कोळशी रोगानं गेली. बाबा तिच्याबद्दल कधी बोलत नव्हते. त्या मेणबत्त्या पाहिल्यावर मीच विषय काढला, आणि ते रात्री उशिरापर्यंत बोलत राहिले.

सेलूकर (वर्धा)

तुमच्या आईंचा प्रश्न फार बरोबर आहे. यंत्र कवडी वेगळी करत नाही. पाला, काडी, सगळं सोबत येतं आणि ते जिनिंगमध्ये साफ करावं लागतं. शिवाय असं यंत्र चालायचं तर बोंडं साधारण एकाच वेळी फुटावी लागतात आणि आधी फवारून पानं गाळावी लागतात. आपली संकरित पराटी पसरट आणि उंच, बोंडं टप्प्याटप्प्यानं फुटतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं दाट लागवडीचं तंत्र पुढं आणलं, त्यात कमी पसरणारी झाडं जवळजवळ लावतात. पुढंमागं यंत्र आलं तर त्याच वाटेनं येईल.

बोंडअळीचं म्हणाल तर २०१७ चा हंगाम गेममध्ये घालायचा म्हटला तरी माझा हात चालणार नाही. फुटलेलं बोंड हातात घेतलं की आत गुलाबी अळी.

मोडवाला (नागपूर)

वावरवाला भाऊ, तयार गेम शोधण्यापेक्षा हाच बदलून घ्या. फार्मिंग सिम्युलेटरला पीसीवर मोड, म्हणजे खेळणाऱ्यांनी गेममध्ये केलेले बदल, चालतात आणि ते करायचं जायंट्स एडिटर हे साधन फुकट मिळतं. पिकांची आणि भावांची माहिती एक्सएमएल फाइलीत असते, ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते. १९ साठी 'सीझन्स' नावाचा मोड आहे, त्यात ऋतू येतात, माती थंड असताना पेरलं तर उगवत नाही आणि भाव वर्षभर हलतात. तिथून सुरुवात करा.

वावरवाला

संत्रावाला भाऊ, आज रात्रीच उतरवतो. सेलूकर, तुमचं उत्तर मायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मंग आपलं हातानंच बरं, पण मजुरी तरी बरी भेटली पायजे.

मोडवाला भाऊ, एकच विचारतो. भावाचं पान काढून टाकता येतं का? ट्रॉली काट्यावर उभी राहिली की मगच भाव दिसला पाहिजे.

मोडवाला

ते एक्सएमएलनं होणार नाही, लुआ या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहावं लागेल. रविवारी बसतो. तुमच्याकडचे मागच्या काही हंगामांचे भाव, बाबांना आठवतात तसे, महिन्याप्रमाणे इथं टाका.