अनुभव धागा: 'लोल' नेमका कधी, कुठे, कशासाठी?

मोठ्यानं हसणं एवढाच अर्थ धरून थांबू नका. वाक्यातली जागा, सूर, गैरसमज यांबद्दल लिहा.

• चॅटमधल्या या इंग्रजी लघुरूपाचा (LOL) विस्तार 'लाफिंग आउट लाउड'. मार्च २०११ मध्ये ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत 'ओएमजी'सोबत ('ओ माय गॉड') दाखल झाला. १९६० पासून हीच अक्षरं इंग्रजीत म्हाताऱ्या बाईसाठीही वापरली गेली आहेत: 'लिटल ओल्ड लेडी'.

• खरं हसू त्यात क्वचितच असतं. अर्थ जागेवर ठरतो. नुसताच 'लोल' आला तर वाचलं, गंमत वाटली, आणि बहुधा विषय संपला. वाक्याच्या शेवटी आला, उदाहरणार्थ 'उशीर होतोय लोल', तर तो सूर मऊ करतो. बोलताना शेवटी 'हं' किंवा 'बरं का' जोडतो, तसाच. सुरुवातीला आला की धार येते. 'लोल, हे कोणी लिहिलंय?' यात समोरच्यावर हसणं आहे आणि वादात ते हमखास झोंबतं. पाठवण्याआधी शब्द काढून वाक्य वाचा. तुटक वाटलं तर ठेवा, फरक पडला नाही तर गाळा.

• शोकसंदेशात अजिबात नको. काही जण तो 'लॉट्स ऑफ लव्ह' समजून लिहितात. ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन याच समजुतीनं तो संदेशाखाली लिहीत असल्याचं ब्रिटिश वृत्तपत्रांच्या वर्तनाबद्दल झालेल्या लेव्हसन चौकशीत २०१२ मध्ये समोर आलं. वडीलधाऱ्यांकडून आला तर आधी हा अर्थ लावून पाहा.

• अनुवाद करणाऱ्यांसाठी: फ्रेंचांचा 'एमडीआर', म्हणजे हसून मेलो. थाई लोक ५५५ लिहितात, कारण पाचाचा उच्चार 'हा'. जपानी 'डब्ल्यू' हे 'वाराउ' (हसणे) चं आद्याक्षर. ओळीनं लिहिले की गवतासारखे दिसतात, म्हणून त्याला 'कुसा' (गवत) असंही म्हणतात. डच 'लोल' मात्र त्यांचा स्वतःचा शब्द, अर्थ मजा.

• आणि आपला 'हहपुवा' विसरू नका! हसून हसून पुरेवाट. मला तो लोलपेक्षा सरस वाटतो, पण बदली म्हणून चालत नाही. तो फक्त खऱ्या विनोदाला दाद देतो, सूर मऊ करत नाही. 'उशीर होतोय हहपुवा' असं कुणी लिहिलं तर वाचणारा विनोद शोधत बसेल.