कोंबडा अंगावर येतो आणि दोन कोंबड्यांच्या पाठी उघड्या पडल्या आहेत. त्याला ठेवावे की काढावे?

प्रश्न : अंगणपाखरू

माझ्याकडे एक कोंबडा आणि सात माद्या आहेत. त्यांपैकी दोन कोंबड्या दुसऱ्या वर्षातल्या आहेत आणि नियमित अंडी देतात. उरलेल्या पाच तलंगा आहेत, त्यांनी अजून अंडी धरलेली नाहीत. कोंबडा सुमारे नऊ महिन्यांचा असून तब्येतीने उत्तम आहे. गेल्या काही आठवड्यांत मात्र दोन गोष्टी वाढल्या आहेत. त्या दोन जुन्या कोंबड्यांच्या पाठीवरची आणि डोक्यामागची पिसे मोडून कातडी दिसू लागली आहे, आणि खाद्य ठेवून मी वळले की कोंबडा मागून पायांवर झेप घेतो. त्याच वेळी हेही सांगायला हवे की घार दिसली की तोच पहिला ओरडतो आणि सगळा कळप क्षणात झुडपाखाली जातो, त्यामुळे त्याला काढून टाकण्यास मन तयार होत नाही. तो पहाटे अंधारातच आरवू लागतो, त्यावरही काही उपाय असल्यास कृपया सांगावा.

उत्तर : खुराडेदार

अंडी मिळण्यासाठी कोंबड्याची गरज नसते. पिल्ले हवी असतील किंवा मोकळ्या कळपाला राखणदार हवा असेल, तरच त्याला ठेवण्यात अर्थ आहे. आपल्याकडे तो राखण करतो हे स्पष्ट दिसते, म्हणून त्याला काढण्याची घाई करू नये, असे मला वाटते.

अंगावर येण्याबाबत सांगायचे तर नऊ महिन्यांचा कोंबडा नुकताच वयात आलेला असतो आणि कळपात आपली जागा कोणती हे तो अजमावत असतो. हल्ल्याआधी तो इशारा देतोच. मान खाली येते, मानेची पिसे फुलतात, शरीर तिरके होते आणि एक पंख जमिनीकडे झुकवून तो बाजूबाजूने सरकतो. माद्यांसमोरही तो असाच पंख पाडून गोल फिरतो, त्यामुळे पुष्कळांना ते लाडीक वाटते. परंतु हीच हालचाल आपल्यासमोर झाली तर ते आव्हान समजावे. अशा वेळी पळू नये, कारण पळालो की हल्ला यशस्वी झाला हे तो शिकतो. लाथही मारू नये, कारण त्याच्या दृष्टीने ती लढाईच ठरते आणि तो पुन्हा येतो. जागेवर ताठ उभे राहावे, बादली किंवा फळी त्याच्या व आपल्या पायांमध्ये धरावी, आणि तो नजर वळवून जमीन टोचू लागेपर्यंत मागे हटू नये. त्यानंतर शांतपणे आपले काम करावे. खुराड्यात त्याच्याकडे पाठ करून वाकणे काही काळ टाळावे, आणि लहान मुलांना तर एकट्याने आत जाऊच देऊ नये. कोंबड्याची झेप लहान मुलाच्या चेहऱ्यापर्यंत सहज पोचते.

रोज असे वागूनही दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर तो स्वभावच आहे असे मानावे. असा कोंबडा पैदाशीसाठी वापरू नये, कारण तापटपणा बऱ्याच अंशी पिल्लांतही उतरतो.

उत्तर : तुरा_आणि_पीस

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, पण माझ्या मते आपल्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची बाब माद्यांची संख्या ही आहे. एका कोंबड्यामागे साधारण आठ ते दहा माद्या असाव्यात असे म्हटले जाते. आपल्याकडे कागदावर सात आहेत, परंतु ज्या तलंगांनी अंडी धरलेली नाहीत त्या अजून कोंबड्यापुढे बसकण मारत नाहीत, त्याला पाहून पळतात. म्हणजे प्रत्यक्षात सगळा भार दोनच कोंबड्यांवर पडतो आहे, आणि नेमक्या त्याच दोघींच्या पाठी उघड्या पडल्या आहेत. तलंगा साधारण पाच-सहा महिन्यांच्या झाल्या की अंड्यावर येतात. तेव्हा हा भार आपोआप वाटला जाईल.

तोपर्यंत कोंबड्याला दिवसाचा बराच वेळ जाळीपलीकडे, पण कळपाच्या नजरेत ठेवावे. त्याला पूर्ण दूर नेले तर परत आणताना जागेचा वाद नव्याने सुरू होतो. दोन्ही कोंबड्यांच्या पाठीवर जाड कापडाचे आवरण बांधता येते, फक्त ते पंखांच्या बुडाशी काचू नये आणि दर दोन-तीन दिवसांनी उचलून आतली कातडी पाहावी. कोंबडा चढताना पाय रोवतो, त्यामुळे त्याच्या नखांची आणि पायामागच्या काट्याची टोके कानशीने बोथट करावीत. काट्याच्या आत रक्तवाहिनी असते, म्हणून टोकापलीकडे जाऊ नये.

पिसे लवकर उगवतील अशी अपेक्षा ठेवू नका. मोडलेल्या पिसाचे बुड कातडीतच राहते आणि ते पीसगळीत पडेपर्यंत तिथे नवे पीस येत नाही. जखम होऊन रक्त दिसले, तर मात्र त्या कोंबडीला ताबडतोब वेगळे करावे, कारण लाल रंग दिसला की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचत राहतात.

एक खात्री अवश्य करून घ्यावी. रात्री बॅटरी घेऊन बसायच्या काठीची खालची बाजू आणि सांधे पाहा, तसेच कोंबडीच्या शेपटीखालची पिसे बाजूला करून पाहा. लाल किंवा करड्या रंगाचे बारीक किडे हलताना दिसले, तर पिसे जाण्याला कोंबड्याइतकेच तेही कारणीभूत असू शकतात.

अंगणपाखरू

दोघांचेही मनापासून आभार. तलंगा पळतात हे मी रोज पाहत होते, पण त्याचा पाठीच्या पिसांशी संबंध जोडला नव्हता. काठी आणि शेपटीखालचा भाग काल रात्री पाहिला, किडे आढळले नाहीत. आता कोंबड्याला दुपारपर्यंत जाळीपलीकडे ठेवते आहे. त्याला तिकडेही कोंबड्यांचेच अंड्याचे खाद्य दिले तर चालेल का?

उत्तर : पहाटपाळी

थोडे दिवस चालेल, कायमचे नको. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम साधारण साडेतीन ते चार टक्के असते, आणि कोंबड्याला तसेच तलंगांना त्याच्या जवळपास एक चतुर्थांशच पुरते. जास्तीचे कॅल्शियम दीर्घकाळ मिळाल्यास मूत्रपिंडावर ताण येतो. आपल्या कळपात तिन्ही प्रकारचे पक्षी आहेत, म्हणून सर्वांना वाढीचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्या कोंबडीला गरज असते ती तो स्वतःहून खाते.

कोंबडा पोटभर खातो का, हेही पाहा. चांगला कोंबडा दाणा चोचीत उचलतो, पुन्हा खाली टाकतो, कुक-कुक करून माद्यांना बोलावतो आणि त्यांचे झाल्यावर स्वतः खातो. म्हणून रात्री तो काठीवर बसलेला असताना छातीच्या हाडावरून हात फिरवावा. हाड धारेसारखे बोटाला लागले, तर तो उपाशी राहतो आहे.

आरवण्याबद्दल : ते केवळ उजेडामुळे होत नाही. नागोया विद्यापीठातील संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिले की सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही शरीरातील घड्याळानुसार पहाटेच्या वेळी आरवतात. त्यामुळे खुराड्यात अंधार केल्याने आरवणे थांबणार नाही. जाड भिंतीचे, पण वर हवेसाठी झरोके असलेले खुराडे आवाज थोडा अडवते, इतकेच. गळ्याला पट्टा आवळण्याचा उपाय कोणी सुचवला तर कृपया करू नका, त्याने श्वास कोंडू शकतो.

पिल्ले काढायचा विचार असेल, तर कोंबडा काही दिवस वेगळा राहिला म्हणून अंडी लगेच निर्जीव होत नाहीत. मादीच्या शरीरात वीर्य दोन आठवडे किंवा त्याहूनही अधिक काळ टिकते. पिल्ले नको असतील, तर अंडी रोज गोळा करून थंड जागी ठेवावीत. उबेशिवाय त्यांत काहीही वाढत नाही आणि खाण्याच्या दृष्टीने त्यांत फरक नसतो. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, तरच पिल्ले निघण्याच्या 21 दिवसांचा हिशेब मांडायला बसा.