मदत हवी आहे : कमी ऐकू येणाऱ्या श्रोत्यांना तिकिटात सवलत द्यावी, की त्या पैशांतून दुसरे काही करावे?

धागाकर्ती : तिसरी_रांग

सर्वांना नमस्कार.

नाशिकमध्ये गंगापूर रोड परिसरात आमचे एक लहानसे मंडळ आहे. भाड्याच्या सभागृहात आम्ही महिन्यातून एकदा व्याख्यान ठेवतो. तिकीट दीडशे रुपये असते आणि एकशे साठ खुर्च्यांपैकी शंभर भरल्या तरी आमचा महिना सुखाचा जातो. गेल्या बैठकीत एका सभासदांनी सुचवले की कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्या श्रोत्यांना निम्म्या दराने तिकीट द्यावे. सूचना टाळ्यांच्या गजरात मंजूर होण्याच्या बेतात होती, तेवढ्यात सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, कारण माझ्या दोन्ही कानांत मशीन आहे, आणि ठरावाचा मसुदा मीच लिहावा असे ठरले. त्याला आता तीन आठवडे झाले. मसुद्याचे पहिले वाक्यही माझ्या हातून उतरलेले नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

माझी अडचण अशी आहे. गेली अकरा वर्षे मी पूर्ण तिकीट काढून तिसऱ्या रांगेत डाव्या बाजूला बसते, कारण तिथून वक्त्याचे ओठ दिसतात. वक्त्याने ध्वनिक्षेपक तोंडासमोर धरला की ओठ झाकले जातात. चित्रे दाखवण्यासाठी दिवे मालवले की चेहराच नाहीसा होतो. आणि प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतून कोणी काही विचारले की सभागृह हसते आणि मी शेजारणीकडे पाहते. थोडक्यात, पूर्ण पैसे देऊन मी अर्धे व्याख्यान घरी नेत आले आहे. उद्या तिकीट निम्मे झाले तर आमच्यातला हिशेब चोख होईल, परंतु व्याख्यान अर्धेच राहील, आणि ते अर्धेच असणार हे मंडळाने एकदा लेखी मान्य केल्यावर ते पूर्ण करण्याची निकड कोणालाही वाटणार नाही, अशी मला भीती वाटते.

हे लिहिताना मी कृतघ्न दिसत असेन. सवलत या गोष्टीलाच माझा विरोध आहे असेही नाही. बहिरेपणाचा खर्च असतो, तो ऐकणाऱ्यांना दिसत नाही एवढेच. माझ्या मशीनना ३१२ क्रमांकाच्या बॅटऱ्या लागतात. तपकिरी चिकटपट्टी सोलली की हवेशी संपर्क येऊन ती बॅटरी चालू होते आणि मग न वापरता ठेवली तरी उतरत जाते; माझ्या वापरात ती आठवडाभर पुरते. दोन कान, म्हणजे दर आठवड्याला दोन. श्रवणयंत्रांवर जीएसटी नाही हे खरे, पण त्यांच्या बॅटऱ्यांवर आहे. (यंत्र करमुक्त ठेवावे आणि ते चालवणाऱ्या बॅटरीवर कर घ्यावा, यामागचा विचार मला आजवर उलगडलेला नाही.) शिवाय जे काम इतर लोक फोनवर दोन मिनिटांत उरकतात, त्यासाठी मला रिक्षा करून प्रत्यक्ष जावे लागते. एसटीच्या साध्या बसमध्ये दिव्यांगांना भाड्यात जी ७५ टक्के सवलत आहे ती मी निःसंकोचपणे घेते, कारण बस मला नांदगावला पूर्ण पोहोचवते, अर्ध्या वाटेत उतरवत नाही.

आता मदत हवी आहे ती दोन-तीन बाबींत. सवलत द्यायचीच झाली तर ती कोणाला द्यावी? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा त्याहून अधिक श्रवणहानी असलेली व्यक्ती ‘कर्णबधिर’ आणि ६० ते ७० डेसिबल हानी असलेली ‘कमी ऐकू येणारी’ ठरते. आमच्या श्रोत्यांपैकी निम्मे सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांतल्या कित्येकांना पहिल्या रांगेतूनही नीट ऐकू येत नाही, पण ते या व्याख्येत बसत नाहीत आणि बसत असले तरी तपासणीला जाणार नाहीत. मग दारात दिव्यांगत्वाचे कार्ड मागायचे, की शब्दावर विश्वास ठेवायचा? दुसरे असे की, आमच्यासारख्या लहान मंडळाने याबाबत काय करणे कायद्याला अपेक्षित आहे? आणि ज्यांनी अशी सोय प्रत्यक्ष करून पाहिली आहे त्यांचा अनुभव काय?

प्रतिसाद : पासधारक_नाशिकरोड

ताई, आपली भीती समजली, तरी सवलत नाकारण्याची घाई करू नये अशी विनंती आहे. माझी मुलगी जन्मापासून कर्णबधिर आहे. ती चार वर्षांची असताना कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे आतल्या कानात शस्त्रक्रियेने बसवायचे श्रवणयंत्र, बसवले. दिव्यांगांना साहाय्यक उपकरणे देणाऱ्या केंद्र सरकारच्या ॲडिप योजनेत यासाठी तेव्हा सहा लाखांपर्यंतची तरतूद होती, म्हणूनच ते आम्हाला शक्य झाले. पुढची आठ वर्षे तिची आई तिला वाचा-उपचाराला नेत होती. आज ती बोलते, आणि अनोळखी माणसाला चटकन कळणारही नाही इतके स्पष्ट बोलते. याचा परिणाम पाहा. रेल्वेची ५० टक्के सवलत ‘मूक आणि बधिर’, म्हणजे दोन्ही बाबी एकाच व्यक्तीत असलेल्या प्रवाशासाठी आहे. द्वितीय श्रेणी, शयनयान, प्रथम वर्ग आणि मासिक पास यांना ती लागू होते. माझी मुलगी बोलायला शिकली आणि त्या सवलतीतून बाहेर पडली. फलाटावर गाडी बदलल्याची घोषणा तिला आजही समजत नाही, पण नियमाला तिचे तोंड दिसते, कान दिसत नाहीत. वॉरंटी संपल्यापासून इम्प्लांटच्या कानाबाहेर लावायच्या भागाची (प्रोसेसरची) वायर, कॉइल, दुरुस्ती हे सारे आम्हीच पाहतो.

म्हणून आपल्या मंडळाने निकष ठरवताना ‘बोलता येते का’ हे पाहू नये, एवढे आवर्जून सांगतो. माझ्या मुलीला एका तिकीटखिडकीवर “तुम्ही तर व्यवस्थित बोलता की” असे ऐकवले गेले होते. तिने ते ओठांवरून वाचले.

प्रतिसाद : जमाखर्च

मी अशाच एका संस्थेचा खजिनदार होतो, म्हणून केवळ पैशांच्या बाजूने लिहितो. आम्ही ही सवलत सहा वर्षे फलकावर लावली होती. त्या काळात ती किती जणांनी घेतली याची नोंद माझ्याच वहीत आहे : चार. जे येतच नाहीत त्यांना दिलेल्या सवलतीला खर्च येत नाही, आणि म्हणूनच ती संस्थांना आवडते. कार्यक्रम पोहोचत नसल्यामुळे ते येत नव्हते. तिकीट महाग म्हणून नव्हे. आमच्या बैठकीत हे कोणी बोलले नाही, मीही बोललो नाही.

आपल्या तीन प्रश्नांपैकी पहिल्याला माझे उत्तर सरळ आहे. दीडशेचे पंचाहत्तर करण्यासाठी कोणी खोटे बहिरेपण आणणार नाही. कार्ड मागू नका.

प्रतिसाद : सिडकोकर

मला प्रामाणिकपणे एक शंका आहे, राग नसावा. सवलत गरजेप्रमाणे असावी की व्यंगाप्रमाणे? कर्णबधिर असूनही चांगल्या पगारावर असणारे लोक आहेत आणि धडधाकट कान असलेले, पण दीडशे रुपये न परवडणारे विद्यार्थीही आहेत. रेल्वेने मार्च २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांची सवलत थांबवली तेव्हा माझ्या वडिलांना वाईट वाटले. ते पैशांमुळे नव्हते, असे ते स्वतःच म्हणाले होते. मला वाटते, अशा सवलतींत मानाचा भाग पैशांपेक्षा मोठा असतो, आणि मान द्यायला इतर मार्ग आहेत.

प्रतिसाद : मिक्सरवाला

व्यवसायाने ध्वनिव्यवस्था करतो. सवलतीच्या वादात मला गती नाही, करता काय येईल ते सांगतो.

पहिल्या काही गोष्टींना पैसा लागत नाही. वक्त्याला ध्वनिक्षेपक हनुवटीच्या खाली धरायला सांगा, किंवा सदऱ्याला लावायचा द्या. चित्रे दाखवताना सगळे दिवे न मालवता एक दिवा वक्त्याच्या चेहऱ्यावर समोरून राहू द्या. मागून प्रकाश आला तर चेहरा काळा पडतो. श्रोत्याचा प्रश्न सूत्रसंचालकाने पुन्हा ध्वनिक्षेपकावर वाचावा. सत्तरीच्या पुढच्या ज्या श्रोत्यांविषयी आपण लिहिले आहे, त्यांची निम्मी तक्रार एवढ्याने मिटेल.

त्यानंतर इंडक्शन लूप. सभागृहाच्या कडेने तारेचे एक वेटोळे फिरवतात आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज त्यातून चुंबकीय क्षेत्राच्या रूपाने सोडतात. ज्यांच्या मशीनमध्ये टी-कॉइल, म्हणजे हे चुंबकीय क्षेत्र पकडणारे छोटे वेटोळे, असते त्यांनी ‘टी’ निवडले की वक्त्याचा आवाज थेट कानात येतो. पंख्याची घरघर आणि खोकला मध्ये येत नाही. मात्र अलीकडच्या बऱ्याच लहान मशीनमध्ये टी-कॉइल नसते, त्यामुळे आधी आपल्या श्रोत्यांची मशीन तपासा, मग खर्च करा. भाड्याच्या सभागृहात कायमची तार बसवता येत नाही. ठरावीक पाच-सहा खुर्च्यांभोवती तात्पुरते वेटोळे टाकता येते.

तिसरे म्हणजे पडद्यावर मजकूर. बोलणे लिहून दाखवणारी फोनमधली ॲप मराठीही लिहितात. फोन टेबलावर ठेवून उपयोग नाही, मिक्सरमधून आवाज थेट द्यावा लागतो. तसे केल्यावर सावकाश बोलणाऱ्या वक्त्याचा मजकूर वाचण्याजोगा येतो. वक्त्याने मध्येच ओवी म्हटली तर काय उमटेल याची जबाबदारी मी घेत नाही. एकदा आमच्या पडद्यावर ज्ञानेश्वरांच्या तोंडी गॅस एजन्सी आली होती.

प्रतिसाद : गोदाघाट_वकील

कायद्याबाबत थोडे. २०१६ च्या अधिनियमाचे कलम २९ सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन यांविषयी आहे. कला दिव्यांगांना अनुभवता येण्याजोगी करावी, कर्णबधिरांना दूरचित्रवाणीचे कार्यक्रम सांकेतिक भाषेतील निवेदनासह किंवा उपशीर्षकांसह मिळावेत, अशा गोष्टी त्यात आहेत. तिकिटातील सवलतीचा उल्लेख त्या कलमात नाही. त्यातील कर्तव्ये सरकार आणि स्थानिक प्राधिकरणांवर टाकलेली आहेत, त्यामुळे आपल्या मंडळावर त्या कलमाने थेट बोजा येत नाही. पण कायद्याचा कल कोणीकडे आहे ते दिसते. चित्रपटगृहांसाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, तीसुद्धा उपशीर्षके आणि श्राव्य वर्णन यांचीच आहेत.

आपल्याच मंडळाला एक विचारा : येत्या २०२७ च्या सिंहस्थात हरवलेल्या माणसांच्या घोषणा नेहमीप्रमाणे कर्ण्यांवरून होतील. हरवलेला माणूस कर्णबधिर असेल तर त्याला प्रवासभाड्यातली सवलत उपयोगी पडेल, की चौकातला अक्षरफलक?

तिसरी_रांग (धागाकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. जमाखर्च यांच्या वहीतला ‘चार’ हा आकडा मी बैठकीत वाचून दाखवणार आहे.

पासधारक यांच्या प्रतिसादामुळे मला माझी भूमिका थोडी बदलावी लागली. मी नोकरीत होते, आता निवृत्तिवेतन आहे, दीडशे रुपये मला जड नाहीत. ज्यांना जड आहेत त्यांच्या वतीने सवलत नाकारण्याचा अधिकार मला कोणी दिला? सिडकोकर यांना मात्र एवढेच सांगेन की ऐकू न येण्यामुळे होणारा खर्च पगार पाहून कमी-जास्त होत नाही. चांगल्या पगाराच्या माणसालाही बॅटऱ्या तितक्याच लागतात.

काल आमच्या इमारतीत राहणाऱ्या जोडप्याला मी हाच प्रश्न विचारला. दोघेही जन्मापासून कर्णबधिर आहेत, आपसात खुणांच्या भाषेत बोलतात; तो अंबडला कारखान्यात कामाला आहे. आम्ही फोनवर लिहून बोलतो. मी विचारले, तिकीट निम्मे केले तर याल का? त्याने लिहिले, “निम्मे असेल तर दोघे येऊ शकतो. पण तिथे बसून काय करू?” पडद्यावर मराठी मजकूर असेल, असे मी उत्साहाने सांगितले. त्याने बायकोकडे पाहिले, दोघांत काही बोलणे झाले, आणि मग त्याने लिहिले की मराठी ते शाळेत शिकले, मोठी वाक्ये भरभर सरकली की थकायला होते. त्यांना दुभाषी लागेल. अकरा वर्षे तिसऱ्या रांगेत बसून हे माझ्या ध्यानात आले नव्हते. मी स्वतःची अडचण हीच सर्वांची अडचण समजत होते.

त्यामुळे मसुदा आता असा करीत आहे : पुढील वर्षभर दर तिकिटामागे पाच रुपये वेगळे काढावेत, मिक्सरवाला यांनी सांगितलेल्या बिनखर्चाच्या गोष्टी पुढच्याच कार्यक्रमापासून कराव्यात, पडद्यावरचा मजकूर दोन महिने करून पाहावा, निम्मे तिकीट मागेल त्याला कार्ड न विचारता द्यावे, परंतु जाहिरातीत आधी सोयी छापाव्यात आणि त्यांच्याखाली सवलत. कर्णबधिर श्रोत्याबरोबर दुभाषी म्हणून येणाऱ्या सोबत्याला तिकीट लागू नये.

राहिला दुभाषी. दीड तासाच्या व्याख्यानाला दोघे लागतात, कारण वीस-पंचवीस मिनिटांनी आळीपाळीने बदलावे लागते, असे मला समजले आहे. नाशिकमध्ये भारतीय सांकेतिक भाषेचे प्रशिक्षित दुभाषी कोणाच्या परिचयाचे असतील, आणि ते साधारण किती मानधन घेतात हे ठाऊक असेल, तर कृपया मला व्यक्तिगत निरोप पाठवावा. बैठक येत्या रविवारी आहे.

प्रतिसाद : पासधारक_नाशिकरोड

निरोप पाठवला आहे. मुलीच्या शाळेतल्या एक शिक्षिका हे काम करतात. त्यांनी व्याख्यानाचा विषय आणि वक्त्याची टिपणे आठ दिवस आधी मागितली आहेत.

तिसरी_रांग (धागाकर्ती)

निरोप मिळाला. टिपणे वक्त्याकडून आधी मिळवणे हे दुभाषी मिळवण्यापेक्षा अवघड जाणार आहे, पण प्रयत्न करते.