मदत हवी आहे : चेफालूचा खडक आईला झेपेल का?
नमस्कार. ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन सिसिलीच्या उत्तर किनाऱ्यावरील चेफालू या छोट्या गावी दोन दिवस राहण्याचा विचार आहे. राजा दुसरा रॉजर याने ११३१ मध्ये बांधायला घेतलेले आणि २०१५ पासून जागतिक वारसा यादीत असलेले कॅथेड्रल, विशेषतः त्यातील सोनेरी पार्श्वभूमीवरील ख्रिस्ताचे भव्य मोझेक, तर पाहायचेच आहे. परंतु गावाच्या पाठीशी भिंतीसारखा उभा असलेला, सुमारे २७० मीटर उंचीचा ‘ला रोक्का’ खडक आणि त्यावरील डायनाच्या मंदिराचे प्राचीन अवशेषही चुकवू नयेत असे वाटते. आईचे गुडघे दुखतात (उत्साह मात्र माझ्याहून अधिक). मंदिरापर्यंतची चढण तिला झेपेल का, आणि मोझेकवर चांगला उजेड कोणत्या वेळी असतो, हे तेथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.