मदत हवी आहे: पऱ्हाटीची पावडर टाकली की दाणा मशीन दम खाते, घमेले पण भरून नाही राहिले

घमेलेवाला:
नमस्कार मंडळी. पांढरकवड्याकडे गाव आहे माझं, जुन्या खताच्या पोत्यांपासून काळा दाणा काढतो आन त्याचेच घमेले बनवतो. एक सिंगल स्क्रू दाणा मशीन, एक सेकंड हँड मोल्डिंग मशीन, बस एवढाच पसारा. आतापर्यंत १०० किलोत २० किलो कॅल्शियम (कॅल्शियम कार्बोनेटची पांढरी भुकटी) टाकत होतो, काही तरास नव्हता. यंदा डोक्यात आलं का लोकं इकडं पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, धुऱ्यावर जाळून टाकतात, तीच दळली तर फिलर, म्हणजे प्लास्टिकात भरायचा माल, फुकट. म्हणून ७० किलो पोती आन ३० किलो पावडर असा घाणा लावला आन तिथून वांदे सुरू झाले.

मोटर रोज २२ अँपिअर खाते ती ३१ वर गेली. धागा सरळ निघतच नाही, कुरडईसारखा खरबरीत, मधात फुगे, पाण्याच्या टबात जायच्या आधीच तुटते. मले वाटलं माल घट्ट आहे तर गरम करून पातळ करू, म्हणून हीटर १९० वरून २३० वर नेला, तर धूर, आन वास असा का गुऱ्हाळात काहिली लागली. कसाबसा दाणा काढून मोल्डले लावला तर घमेल्याची कड अर्धीच भरते आन अंगावर चांदीसारख्या रेघा. १० किलो जास्त टाकल्यानं एवढा फरक काऊन पडते? पावडर बारीक करू का जाडी ठेवू? काही सांगा न भाऊ, पोळा तोंडावर आहे, माणसं सुट्टीवर जातील.

बॅरलबुवा:
भाऊ, पहिले तो हीटर खाली घ्या. लाकडी माल २०० च्या वर जळायला लागते, पऱ्हाटी लाकूडच आहे. कॅल्शियमले २३० नं काही होत नाही, म्हणून तुम्हाले सवय नाही.

आता तुमचा १० किलोचा प्रश्न. किलोत मोजू नका, जागेत मोजा. प्लास्टिक वितळल्यावर त्याले फक्त कण किती जागा अडवून बसले तेच समजते, वजन नाही समजत. कॅल्शियमची घनता २.७, म्हणजे २० किलो म्हणजे साडेसात लिटरच्या आसपास, आन ८० किलो पीपी (पॉलिप्रॉपिलीन, तुमच्या पोत्यांचं प्लास्टिक) जवळपास ८९ लिटर. झाले ८ टक्के. पऱ्हाटी दाबून दाबून फार तर १.४, म्हणून ३० किलोचे २१ लिटर, पीपी ७८ लिटर. म्हणजे २१-२२ टक्के! तुम्ही दीडपट नाही, पावणेतीन पट माल कोंबला. त्यात कॅल्शियमचे कण ओबडधोबड का होईना गोळे असतात, पऱ्हाटीच्या काड्या असतात, त्या एकमेकीत अडकतात.

अवांतर: गोल कण थोडे असले तर घट्टपणा किती वाढतो याचा हिशोब आइनस्टाइननं १९०६ मध्ये केला होता आणि त्यात आकडा चुकला होता, १९११ मध्ये दुरुस्त केला, जागेच्या अडीच पट. त्या हिशोबानं ८ टक्क्याले घट्टपणा २० टक्के वाढते. २१ टक्क्याले काड्या असताना तो हिशोब चालतच नाही, त्याच्या लय वर जाते.

घमेलेवाला:
बापरे. म्हणजे तराजूनंच फसवलं. पण फुगे काऊन? पावडर तर दोन दिवस पत्र्यावर वाळवली होती.

पॉलिमरताई:
श्रावणात पत्र्यावर वाळवली म्हणजे वाळली नाही हो दादा. हवेतलं पाणी ती परत ओढते. घरीच बघा, १०० ग्रॅम पावडर मोजा, कढईत मंद आचेवर न जाळता हलवत राहा, वजन कमी व्हायचं थांबलं की परत मोजा. १० ग्रॅम गेले तर १० टक्के पाणी होतं. एक ग्रॅम पाण्याची वाफ शंभर डिग्रीलाच दीड लिटरच्या वर जाते, ती बॅरलमध्ये, म्हणजे स्क्रूच्या नळीत, जाणार कुठे? तेच तुमचे फुगे, त्याच चांदीच्या रेघा. १०० ते १०५ ला वाळवून पाणी १ टक्क्याच्या आसपास आणा आणि गरम असतानाच हॉपरमध्ये (मशीनमध्ये माल टाकायच्या पेटीत) टाका, रात्रभर उघडी ठेवू नका.

बारीक की जाडी: फार बारीक केली तर पृष्ठभाग वाढतो, माल आणखी घट्ट होतो आणि गाठी धरतात. साल आणि कापसाचा तुस मात्र चाळून काढाच, तो हॉपरच्या गळ्यात पूल बांधतो. आणि दळताना बिडी लांब ठेवा, ही धूळ पेट घेते.

अजून एक. पोती विणायचा पीपी मुळातच कमी वाहणारा असतो, आणि त्यात बहुतेक वेळा कॅल्शियम आधीच घातलेलं असतं. धुतलेल्या पोत्याचा तुकडा चमच्यात जाळा, राख उरली तर तिच्यावर लिंबू पिळा. फसफसली तर कॅल्शियम आहे.

बॅरलबुवा:
ताईचं बरोबर. १०० किलोत १५ किलो पावडरपासून सुरू करा, हीटर १८०-१८५, स्क्रू हळू. जोरात फिरवला तर घासून आतच गरमी वाढते, मीटर १८५ दाखवते आन माल २१० वर असते. थोडा मोल्डिंगचा चांगला वाहणारा पीपी मिसळला तर कड भरन. कपलिंगवालं मॅलिक पीपी, म्हणजे लाकूड आन प्लास्टिकले एकमेकाशी जोडणारं, टाकायचं असन तर त्याच्यासोबत झिंक स्टिअरेट (माल घसरावा म्हणून टाकतात ती पावडर) नको, दोघांचं पटत नाही.

घमेलेवाला:
लिंबू पिळलं. फसफसलं न बे! म्हणजे मी पहिलेच भरलेल्या पोत्यात अजून भरून राहिलो होतो. पावडरचे १०० चे ८७ झाले कढईत, बायको म्हणते कढई आता तुमचीच.

काल १५ किलोचा घाणा लावला, १८५ वर, ७ किलो मोल्डिंगचा दाणा घालून. २५ अँपिअर. धागा टबाच्या पार पोचला, खरबरीत आहे पण तुटत नाही. कड ५० पैकी ४४ घमेल्यांची भरली. ट्रॉलीवरून खाली टाकून पाहिले तर तीन तडकले, कॅल्शियमवाले असे तडकत नव्हते. ते मॅलिक पीपी १५ किलो पावडरले किती टाकू, ताई?

पॉलिमरताई:
२ ते ३ टक्के, एकूण मालाच्या. आधी एका छोट्या घाण्यात बघा, स्वस्त नाहीये ते.