मदत हवी आहे: सीड ग्रँटचे एम्स (उद्दिष्टं) एका पानात बसत नाहीयेत

पिपेटवाली:
सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत अर्ज अपलोड करायचाय आणि स्पेसिफिक एम्स काही केल्या एका पानात येत नाहीयेत. सव्वा पान होतंय. तीन एम्स आहेत, तिन्ही गरजेचे. एरियल ११ आहे, १० केला तर बरोब्बर बसतंय. चालतं का? मार्जिन आधीच अर्ध्या इंचावर आणलंय. ज्यांनी असे अर्ज भरलेत किंवा तपासलेत त्यांनीच सांगा प्लीज. 'गूगल करा' नको, ते झालंय. विषय एचआयव्ही. लवकर हवंय.

शंकासुर:
कुणाची ग्रँट? कुठल्या देशात? तुम्ही पीएचडी करताय, पोस्टडॉक आहात की स्वतःची लॅब आहे? 'विषय एचआयव्ही' म्हणजे लॅबमधलं काम की लोकांच्या मुलाखती? काहीच न सांगता 'लवकर हवंय' म्हटल्यावर लोक अंदाजपंचे ठोकणार.

सदू_पोस्टडॉक:
एनआयएचच्या (अमेरिकेची सरकारी आरोग्य संशोधन संस्था) नियमांवर चालणारी ग्रँट असेल तर १० अजिबात नको. ११ किंवा त्याहून मोठा, मार्जिन किमान अर्धा इंच, आणि उभ्या इंचात सहापेक्षा जास्त ओळी नाहीत. हे शेवटचं कुणी वाचत नाही. फाँट ११ ठेवून ओळींमधलं अंतर दाबणारे महाभाग पाहिलेत. परीक्षकाच्या हाती पडायच्या आधीच अर्ज परत येऊ शकतो.

पिपेटवाली:
बरं, ११ ठेवते. @शंकासुर सीफारची डेव्हलपमेंटल ग्रँट आहे, म्हणजे अमेरिका. पोस्टडॉक. लॅबचं काम. पण प्रश्न तो नाहीये, तीन एम्स एका पानात कसे कोंबायचे हा आहे.

शंकासुर:
सीफार म्हणजे?

सदू_पोस्टडॉक:
सेंटर्स फॉर एड्स रिसर्च. एनआयएचचा कार्यक्रम, १९८८ पासून चालू आहे. वेगवेगळ्या विद्यापीठांत अशी केंद्रं आहेत आणि त्यातली डेव्हलपमेंटल कोअर नावाची शाखा नवख्या संशोधकांना छोटी रक्कम देते. आधी आर०१, म्हणजे एनआयएचची मोठी ग्रँट, मिळालेली नसावी ही बहुतेक ठिकाणची अट.

मीरा_न:
मी अशा अर्जांच्या परीक्षणाला बसते म्हणून लिहिते. वर्षभराच्या पैशात तीन एम्स दिसले की समितीत कुणीतरी 'ओव्हरॲम्बिशस' म्हणतंच, आणि तो शब्द एकदा पडला की पुढची चर्चा त्यावरच होते. फाँटचं सोडा. तिन्ही एम्स इथे एकेका ओळीत लिहा. आणि पोस्टडॉक पात्र आहेत का ते तुमच्या केंद्राच्या कॉलमध्ये, म्हणजे अर्ज मागवणाऱ्या सूचनेत, पाहिलंत का? काही केंद्रांना फॅकल्टीच लागतात.

दूरदेशी:
माझं ऐका, सीफार सोडाच. ॲमफार या एड्स संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेची मॅथिल्ड क्रिम फेलोशिप बघा. स्वतंत्र लॅबकडे निघालेल्या पोस्टडॉकसाठीच आहे, आणि नावाला वजन आहे. आमच्या ओळखीत एकीला मिळाली, आयुष्य मार्गी लागलं. गिलियडचीही एक स्कॉलर योजना आहे.

सदू_पोस्टडॉक:
@दूरदेशी सोमवारी मुदत आहे हो. त्यांनी 'कुठे अर्ज करू' असं विचारलेलंच नाही.

दूरदेशी:
मग काय झालं, पुढच्या वेळी उपयोगी पडेल. धागा इतरही वाचतात.

पिपेटवाली:
पात्रता बघितलीय, पोस्टडॉक चालतात, मेंटॉरचं पत्र लागतं. एम्स असे:
एम १: इंटॅक्ट प्रोव्हायरल डीएनए ॲसे, म्हणजे आयपीडीए, सी उपप्रकारासाठी नव्याने बसवणे. मूळची चाचणी बी उपप्रकाराच्या सिक्वेन्सवर बेतलेली आहे.
एम २: त्या चाचणीने एआरटीवर, म्हणजे एचआयव्ही दाबणाऱ्या औषधांवर, असलेल्यांच्या साठवलेल्या नमुन्यांत अखंड प्रोव्हायरस मोजणे, स्त्रिया आणि पुरुष यांची तुलना.
एम ३: त्याच नमुन्यांवर सिंगल सेल आरएनए सिक्वेन्सिंग, म्हणजे एकेका पेशीतला आरएनए वाचणे.
एकही काढता येणार नाही.

शंकासुर:
अखंड प्रोव्हायरस ही काय भानगड? औषधांनी विषाणू जातो ना?

सदू_पोस्टडॉक:
@शंकासुर रक्तात दिसेनासा होतो, पेशींतून जात नाही. विषाणूचा डीएनए सीडी४ पेशींच्या जीनोममध्ये शिरून गप्प बसतो, तोच प्रोव्हायरस. एआरटी थांबवली की बहुतेकांत काही आठवड्यांत परत डोकं वर काढतो. हा साठा इतका सावकाश घटतो की निम्मा व्हायला साडेतीन वर्षांच्या वर लागतात. आता मेख अशी की साध्या पीसीआरने मोजलेल्या या डीएनएतला ९० टक्क्यांहून जास्त माल मोडका असतो, त्यातून विषाणू तयारच होत नाही. आयपीडीए, २०१९ ची चाचणी, एकाच वेळी दोन जागा तपासते, पॅकेजिंग सिग्नल आणि एन्व्ह जनुक. दोन्ही शाबूत दिसल्या तर प्रोव्हायरस बहुधा अखंड असं धरतात.

कट्टेकरी_बाळू:
पण आता वर्षातून दोन इंजेक्शनं घेतली की एचआयव्ही होतच नाही असं वाचलं. मग हे साठे मोजायला पैसा कशाला? तोच इंजेक्शनांवर घाला की.

सदू_पोस्टडॉक:
@बाळू ते लेनाकापाविर, आणि ते ज्यांना संसर्ग झालेला नाही त्यांना होऊ नये म्हणून. २०२४ मध्ये आलेला पर्पज १ या चाचणीचा निकाल जबरदस्त होता, इंजेक्शन घेणाऱ्या २१३४ जणींत एकही संसर्ग नाही. पण आज सुमारे ४ कोटी लोक एचआयव्हीसह जगतायत, त्यांच्या पेशींतला विषाणू या इंजेक्शनाने निघत नाही.

कट्टेकरी_बाळू:
बर्लिनवाला बरा झाला होता की.

सदू_पोस्टडॉक:
त्याला ल्युकेमिया होता म्हणून बोनमॅरो बदलला, तोही सीसीआर५ जनुक नैसर्गिकरीत्या बिघडलेला दाता शोधून. ४ कोटी जणांचा बोनमॅरो बदलणार का? अवांतर पुरे, बाईंना सोमवार गाठायचाय.

मीरा_न:
@पिपेटवाली आता खरी अडचण दिसली, आणि ती पानाची नाही. एम १ फसला तर एम २ आणि ३ दोन्ही बुडतात. परीक्षक हे पहिल्या वाचनात पकडतात. दुसरं म्हणजे बी आणि सी दोन्ही उपप्रकारांवर चालणाऱ्या ड्रॉपलेट डिजिटल पीसीआर चाचण्या आधीच प्रसिद्ध झाल्यात. 'सी साठी चाचणी नाही' असं तुमच्या पहिल्या परिच्छेदात असेल तर ते आजच काढा. त्या चाचण्या करणाऱ्यांपैकीच कुणाकडे तुमचा अर्ज तपासायला जाऊ शकतो.
तिसरं, नमुने कुणाचे आणि कुठले? अमेरिकेत सी उपप्रकार फारसा सापडत नाही.

पिपेटवाली:
प्रसिद्ध झाल्यात ते माहितीये, पण आमच्या नमुन्यांवर त्या नीट चालतीलच असं नाही, म्हणून एम १. नमुने आफ्रिकेतल्या एका जुन्या कोहॉर्टचे (अभ्यासगटाचे), आमच्या फ्रीजरमध्येच आहेत. कोहॉर्ट दुसऱ्या पीआयचं (प्रमुख संशोधकाचं). त्यांना माहितीये.

मीरा_न:
'त्यांना माहितीये' हे अर्जाला जोडता येत नाही. पत्र हवं. किती वायल्स, कुणाच्या संमतीखाली घेतलेल्या, या कामाला वापरायची परवानगी आहे, एवढं दोन ओळींत आणि सही. नमुन्यांवरची ओळख काढलेली असली तरी आयआरबीकडून (संस्थेच्या नैतिकता समितीकडून) 'हे मानवी सहभागाचं संशोधन ठरत नाही' असा निर्णय लेखी घ्यावा लागतो, तो तुमचा तुम्ही ठरवायचा नसतो. आणि परदेशात काहीही काम होणार असेल, अगदी फुकट असलं तरी, एनआयएचच्या भाषेत ते फॉरेन कंपोनंट ठरू शकतं आणि त्याला वेगळी मंजुरी लागते. सगळं काम तुमच्याच लॅबमध्ये होणार असेल तर ते एका वाक्यात स्पष्ट लिहा, म्हणजे समिती तिथे अडखळणार नाही.

आकडेमोड:
किती स्त्रिया, किती पुरुष? एका वायलमधून सीडी४ पेशी किती हाती येतात?

पिपेटवाली:
१४ आणि १२. पेशींचं बघावं लागेल. पॉवर कॅल्क्युलेशन (एवढ्या नमुन्यांत केवढा फरक दिसेल याचं गणित) सीड ग्रँटला लागत नाही ना?

आकडेमोड:
लागत नाही म्हणून कुणी विचारणार नाही असं नाही. लॉग १० पट्टीवर स्टँडर्ड डेव्हिएशन ०.५ धरू. १४ विरुद्ध १२ मध्ये, ८० टक्के पॉवरला, फरक जवळपास पावणेचार पट असेल तरच दिसेल. त्याहून लहान फरक खरा असला तरी हातातून निसटणार. म्हणून 'स्त्रियांमध्ये साठा कमी आहे हे सिद्ध करू' असं लिहू नका. 'फरकाचा आणि विखुरण्याचा अंदाज काढू, त्यावरून पुढच्या अभ्यासाचा नमुना ठरवू' असं लिहा. हे तुमच्याच्याने होण्यासारखं आहे आणि खोटंही नाही.
पेशींचं आजच बघा. दहा लाख सीडी४ मागे अखंड प्रोव्हायरस दहाबारा ते काही शेकडा असतात. वितळवताना निम्म्या पेशी मेल्या तर शून्यं मोजत बसाल. सिंगल सेलचं तर नावच नको, संसर्ग झालेल्या पेशी इतक्या विरळ की साध्या सिंगल सेलमध्ये त्या सापडणारच नाहीत. एम ३ गवताच्या गंजीत सुई शोधण्यातला प्रकार आहे.

सदू_पोस्टडॉक:
मीराताईंशी एका बाबतीत असहमत. सीड ग्रँट असतेच प्राथमिक डेटा मिळवायला. आर२१ या त्यांच्या छोट्या ग्रँटलासुद्धा प्रिलिमिनरी डेटा लागत नाही असं एनआयएच लिहून देते. मग एम १ ठेवला तर बिघडलं कुठे? चाचणी बसवणं हेच काम.

मीरा_न:
लागत नाही असं कागदावर. पाच अर्जांत तिघांनी एक आलेख दाखवला आणि दोघांनी नाही, तर गुण कुणाला जातात ते समितीत बसून बघा एकदा.

सदू_पोस्टडॉक:
म्हणजे ज्यांच्या लॅबमध्ये आधीच पैसा आहे त्यांनाच अजून पैसा. हे बरोबर नाही.

मीरा_न:
बरोबर आहे असं मी म्हटलेलंच नाही. अर्ज सोमवारी जायचाय, व्यवस्था सोमवारपर्यंत सुधारणार नाही.
@पिपेटवाली तुमच्याकडे त्या नमुन्यांतल्या विषाणूंचे सिक्वेन्स आहेत का? थोडे असले तरी चालतील. प्रसिद्ध झालेले प्रायमर आणि प्रोब (चाचणीत विषाणूच्या डीएनएला चिकटणारे छोटे तुकडे) त्यांच्यावर ठेवून बघा, कुठे जुळत नाहीत ते एका छोट्या आकृतीत दाखवा. संगणकावर एका संध्याकाळचं काम आहे, तोच तुमचा प्राथमिक डेटा. मग एम १ 'नवी चाचणी बसवणे' राहत नाही, 'आहे ती चाचणी या नमुन्यांवर पडताळणे, न जुळेल तिथे पर्यायी प्रोब' असा होतो. फसण्यासारखं फारसं उरत नाही, आणि एम २ त्यावर लटकलेला दिसत नाही.

सदू_पोस्टडॉक:
हे मान्य. एक भर: पॉझिटिव्ह कंट्रोल कुठला वापरणार ते लिहा. सगळे सवयीने जे-लॅट पेशी (एचआयव्ही असलेल्या, लॅबमध्ये वाढवलेल्या) लिहितात, त्यांतला प्रोव्हायरस बी उपप्रकाराचा. सी चा प्लास्मिड ठेवा. आणि आरपीपी३० या मानवी जनुकाने डीएनए किती तुटला याची दुरुस्ती करणार हेही एका वाक्यात येऊ द्या. जुन्या नमुन्यांत तुटणं जास्त असतं, आणि तुटलेला अखंड प्रोव्हायरस दोन मोडक्यांसारखा मोजला जातो.

पिपेटवाली:
सिक्वेन्स आहेत काही जणांचे, एन्व्हचे. आत्ता अलाइन करून बघितले. एन्व्हच्या प्रोबखाली बऱ्याच जणांत एकच बेस वेगळा येतोय, तोही प्रोबच्या मधोमध. हे चांगलं की वाईट?

मीरा_न:
अर्जासाठी उत्तम. हेच तुमचं पहिलं वाक्य.

पिपेटवाली:
कोहॉर्टच्या पीआयंनी पत्र द्यायचं कबूल केलंय, मसुदा मीच लिहून पाठवायचाय. पण एम ३ काढते म्हटल्यावर मेंटॉर नाराज. त्यांचं म्हणणं सिंगल सेलशिवाय अर्ज जुनाट दिसतो. मशीन आमच्याच लॅबमध्ये आहे, पडून आहे.

मीरा_न:
मशीन पडून आहे हे त्यांचं कारण झालं, तुमचं नव्हे. त्यांना विचारा, सिंगल सेलचं काम त्यांच्या स्वतःच्या ग्रँटमध्ये आहे का? असेल तर परीक्षक म्हणणार की हा मेंटॉरचाच प्रकल्प पोस्टडॉकच्या नावाने आलाय. पत्रात त्यांच्याकडून एक वाक्य मागून घ्या: उपप्रकार सी च्या साठ्याचं हे काम तुमचं, लॅब सोडताना बरोबर नेता येईल. पुढे के९९, म्हणजे पोस्टडॉकला स्वतःच्या लॅबपर्यंत नेणारी एनआयएचची ग्रँट, भरताना हेच वाक्य कामी येतं. आणि के९९ भरायचा विचार असेल तर पोस्टडॉकच्या चार वर्षांची मर्यादा लक्षात ठेवा.
शेवटच्या परिच्छेदात 'या निकालांवर आधारून के९९ मध्ये सिंगल सेल पातळीवर जाऊ' असं घाला. मेंटॉर खूश, समितीलाही पुढचा अर्ज दिसला. सीड ग्रँट देणाऱ्याला तेच बघायचं असतं, यातून पुढे मोठी ग्रँट येणार का.

दूरदेशी:
के९९ च्या आधी आयएएसकडे (इंटरनॅशनल एड्स सोसायटीकडे) एकदा बघा असं माझं अजूनही मत आहे.

पिपेटवाली:
@दूरदेशी सोमवारनंतर नक्की. दोन एम्स, पर्यायी प्रोब, के९९ चं वाक्य, सगळं घातलं. मेंटॉर 'बघू' म्हणालेत. बजेटमध्ये माझा पगार दाखवू का?

सदू_पोस्टडॉक:
कॉलमध्ये बघा, प्रत्येक केंद्राचं वेगळं. परवानगी असली तरी थोडाच दाखवा. रीएजंट आणि ड्रॉपलेटच्या कार्ट्रिजमध्येच रक्कम संपते.

आकडेमोड:
आणि सीफारच्या बायोस्टॅट (संख्याशास्त्र) कोअरकडे आजच मेल टाका. बऱ्याच केंद्रांत नवख्यांना थोडा वेळ मोफत मिळतो, आणि 'कोअरचा सल्ला घेतला' हे अर्जात दिसलेलं त्यांना आवडतं. ते पैसे त्यांच्याच घरात राहतात ना.

कट्टेकरी_बाळू:
एवढी हुशार माणसं आहात तर लस का नाही निघाली अजून?

सदू_पोस्टडॉक:
विषाणू रूप बदलतो म्हणून. २००९ मध्ये थायलंडच्या चाचणीत ३१ टक्के संरक्षण दिसलं होतं. त्याच वाटेने दक्षिण आफ्रिकेत मोठी चाचणी केली, ती २०२० मध्ये निरुपयोगी ठरल्याने थांबवावी लागली.

शंकासुर:
एक प्रश्न. आमच्या घरात एकजण समाजशास्त्रात पीएचडी संपवतेय, एचआयव्हीबद्दलच्या कलंकावर मुलाखती घेतल्यात. सीफार अशा कामाला देतं का पैसे?

मीरा_न:
देतं. कित्येक केंद्रांत सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनाचा वेगळा कोअर आहे. तिची नेमणूक कुठे आहे, अमेरिकेत का?

शंकासुर:
अजून कुठेच नाही.

पिपेटवाली:
यासाठी नवीन धागा काढा ना प्लीज, मला नोटिफिकेशन्स येतायत आणि दर वेळी वाटतं माझंच काहीतरी राहिलं.