यकृताची उजवी-डावी सीमा नक्की कोणती? फाल्सिफॉर्म लिगामेंट की पित्ताशयाची रेषा?

प्रश्न (शवविच्छेदन_१):
अ‍ॅनाटॉमीच्या पुस्तकात फाल्सिफॉर्म लिगामेंट (यकृताला पोटाच्या पुढच्या भिंतीशी जोडणारी पातळ पडदी) ही उजव्या-डाव्या लोबची (खंडाची) सीमा असते आणि क्वाड्रेट लोब, म्हणजे ही पडदी आणि पित्ताशय यांमधला भाग, उजव्यात धरतात. सीटी रिपोर्ट मात्र तोच भाग 'सेगमेंट ४' म्हणून डाव्या यकृतात टाकतो. हा बदल केव्हा झाला, आणि कशामुळे?

उत्तर (हिपॅटिका):
पुस्तकातली सीमा पृष्ठभाग पाहून ठरवलेली आहे. प्राचीन रोमन काळातला वैद्य गॅलेन याने प्राण्यांच्या विच्छेदनावरून यकृताला पाच खंड मानले. शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेसॅलियसच्या १५३८ च्या चित्रातही पाचच आहेत. १५४३ च्या ग्रंथात त्याने ते सुधारले. इंग्रज डॉक्टर ग्लिसनने १६५४ मध्ये यकृतातल्या रक्तवाहिन्यांचा माग काढला, पण लोबांची वाटणी बदलली नाही.

खरा धक्का १८९७ च्या सुमारास सर्जन कॅन्टलीने दिला. पित्ताशयाच्या खाचेपासून इन्फिरियर व्हेना काव्हापर्यंतची (शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर) रेषा हीच खरी सीमा, असे त्याने मांडले. ह्यूगो रेक्सने १८८८ मध्ये जवळपास हेच सांगितले होते. कारण साधे आहे: पोर्टल व्हेनची (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी शीर) उजवी आणि डावी शाखा आपापला प्रदेश या रेषेवर वाटून घेतात. फाल्सिफॉर्मच्या खालच्या कडेतला लिगामेंटम टेरीस हा गर्भातल्या नाभीशिरेचा अवशेष. तो डाव्या पोर्टल शाखेला मिळतो आणि तिथूनच एका बाजूला सेगमेंट २ व ३, दुसऱ्या बाजूला सेगमेंट ४ कडे फांद्या जातात. म्हणजे फाल्सिफॉर्म ही डाव्या यकृताच्या *आतली* सीमा आहे. फ्रेंच सर्जन कुइनोने १९५० च्या दशकात याच तर्काने आठ सेगमेंट (स्वतःची पोर्टल फांदी असलेले भाग) मांडले.

उत्तर (स्लाइस_बाय_स्लाइस):
सीटीवर ओळखायचे असेल तर वरच्या स्लाइसपासून सुरू करा. व्हेना काव्हाला मिळणाऱ्या तीन हिपॅटिक व्हेन (यकृतातले रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा) शोधा. मधली उजव्या आणि डाव्या यकृताच्या सीमेवर, उजवी सेगमेंट ५/८ आणि ६/७ यांच्या सीमेवर असते. मग खाली पोर्टलच्या दुभाजनाची पातळी घ्या: तिच्या वर ७, ८, ४ए, खाली ६, ५, ४बी. नवशिके बहुधा इथे चुकतात: हिपॅटिक व्हेन सेगमेंटच्या *सीमेवर* असते, पोर्टलची फांदी *मध्यभागी*.

सेगमेंट १ (मागच्या बाजूचा कॉडेट लोब) वेगळा. त्याला दोन्ही बाजूंनी रक्त येते आणि तो छोट्या शिरांनी थेट व्हेना काव्हात रिकामा होतो. म्हणूनच बड-कियारीत, म्हणजे हिपॅटिक व्हेन बंद पडण्याच्या आजारात, बाकीचे यकृत आकसले तरी तो फुगतो.

शवविच्छेदन_१:
मग जुन्या ऑपरेशन नोट्समधली 'उजवी लोबेक्टमी' (लोब काढणे) कशी वाचायची?

उत्तर (हिपॅटिका):
सावधपणे. अमेरिकन पद्धतीत तिचा अर्थ सेगमेंट ५ ते ८ काढणे, फ्रेंच पद्धतीत ४ ते ८. 'डावी लोबेक्टमी' तशीच: अमेरिकन २-३-४, फ्रेंच फक्त २-३. हा गोंधळ मिटवायला ब्रिस्बेनमध्ये २००० साली एकच परिभाषा ठरली: ५-८ काढले तर राइट हेपॅटेक्टमी, ४-८ काढले तर राइट ट्रायसेक्शनेक्टमी, २-३ काढले तर लेफ्ट लॅटरल सेक्शनेक्टमी. नोट जुनी असेल तर नावावर विसंबू नका, सेगमेंटचे आकडे शोधा. शक्यतो शस्त्रक्रियेनंतरचा सीटीही पाहा. सेगमेंट ४ गेला की राहिला, यावर उरलेल्या यकृताचा हिशोब बदलतो. निरोगी यकृतात निदान २० ते २५ टक्के, सिरोसिसमध्ये (यकृत व्रणासारखे कडक झालेले असताना) सुमारे ४० टक्के उरायला हवे.

आणि सेगमेंटचा नकाशाही सरासरीचा आहे. उजव्या मागच्या भागाची पित्तनलिका काहींत डाव्या नलिकेला मिळते. डावे यकृत काढताना डावी नलिका त्या संगमाच्या उजवीकडे कापली, तर ६ आणि ७ चे पित्त अडते किंवा गळते. कापण्याआधी एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय) किंवा कोलँजिओग्रामवर (नलिकांत रंगद्रव्य भरून काढलेल्या एक्स-रेवर) हा संगम पाहून घ्यावा.